जादा पाटे काढले आणि रिकामी पिकअप आदळायची थांबली (आळेफाट्याच्या पाटेवाल्या चाचांकडचा अनुभव)

पाच स्टार देतोय, पण चार महिने गाडी चालवून बघितली आणि मगच देतोय. पाट्यांचं (म्हणजे चाकांवर स्प्रिंगचं काम करणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचं) काम करून गाडी बाहेर काढली की पहिले आठ दिवस सगळंच भारी वाटतं, खरं काय ते नंतर कळतं.

माझी पिकअप 1.7 टनी आहे, 2019 ची. सीझनला टोमॅटो नारायणगाव मार्केटला, भाव बघून कधी माळशेज उतरून कल्याणला, आणि मधल्या काळात खत, चारा, कांदा काय मिळेल ते. भरलेली असली की काहीच तक्रार नाही, गाडी दबून बसते आणि मस्त चालते. त्रास सगळा रिकामी असताना. मागून नुसती आपटायची, बारीक खड्ड्यात पण हौदा असा वाजायचा की मागच्याला वाटावं फाळका तुटून पडला, आणि घाटात वळणावर रस्ता खराब असला तर मागची चाकं उड्या मारत बाजूला सरकायची, ते तर सरळ धोक्याचं होतं.

आणि घरात चारचाकी म्हणजे हीच एक. आमच्या अण्णांना मणक्याचा त्रास आहे, दर महिन्याला पुण्याला दाखवायला न्यावं लागतं. अण्णा गाडीत बसले की वरचं हँडल दोन्ही हातांनी धरायचे आणि स्पीडब्रेकर दिसला की सीटवरून थोडं उचलून घ्यायचे स्वतःला. बोलायचे काही नाहीत. डोळे मिटून घ्यायचे फक्त. शेजारी बसून ते बघणं मला जड जायचं, म्हणून हा विषय मनावर घेतला.

आधी जे जे केलं ते सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. सीटची गादी बदलली, जाड फोम टाकला. फरक पडला थोडा, पण गाडीच आपटत असेल तर गादी किती खाणार. मग कोणीतरी सांगितलं म्हणून हौद्यात वाळूच्या चार गोण्या टाकून फिरलो. त्याने खरंच मऊ वाटते गाडी, पण ते वजन कायम वागवायचं, डिझेल त्याचं जाळायचं, आणि माल भरायच्या वेळी गोण्या उतरवत बसायचं. महिनाभरात सोडून दिलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी (नाव घेत नाही) मागचा एक पाटा तुटला म्हणून गाडी लावली होती, तेव्हा त्यांनी "शेठ, माल भरताय ना, मग दोन पाटे जादा टाकून घ्या, गाडी बसायची नाही" असं सांगून दोन्ही बाजूला दोन दोन पाटे वाढवून दिले. मला पण त्या वेळी बरंच वाटलं. आपल्याकडे दहातल्या आठ पिकअपवाल्यांनी हेच केलेलं असतं.

चाचांकडे गेलो तर त्यांनी पाटे बघायच्या आधी विचारलं, किती भरता? मी म्हणलं भरतो पासिंगप्रमाणे, म्हणजे आरटीओने कागदावर मंजूर केलेल्या वजनाएवढं. ते म्हणाले पासिंगचं नको, क्रेट किती लावता ते सांगा. मग मी खरं सांगितलं, की आता 20 किलोचे 75-80 क्रेट, पूर्वी शंभराच्या वर जायचो पण ते बंद केलं. यावर ते म्हणाले मग हे दोन पाटे कशासाठी ठेवलेत? एवढ्या एका प्रश्नावरच माझा विश्वास बसला, कारण बाकी सगळीकडे गेलं की काहीतरी टाकायला सांगतात, काढायला सांगणारा माणूस पहिल्यांदा भेटला.

स्वतः गाडी चालवून समोरच्या ब्रेकरवरून दोनदा नेली, मग जॅक आणि घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावून मागची कमान, म्हणजे पाट्यांचा अख्खा जुडगा, उतरवली. सगळे पाटे मधोमध धरून ठेवणारा सेंटर बोल्ट काढल्यावर पाटे सुटे व्हायला पाहिजेत ना, ते होईनात. पहार घालून हातोडीने ठोकून एकेक सोडवला तेव्हा आतून गंजाची लाल पूड भसाभसा खाली पडली. चाचांनी एक पाटा उलटा करून दाखवला, वरच्या पाट्याचं टोक जिथे घासत होतं तिथे नखाएवढा खोल खड्डा पडलेला, चकचकीत. म्हणाले हा इथे अडकत होता, सरकतच नव्हता, मग तुमच्या कमानीचा झाला एक ठोकळा.

हे मला आधी कोणी समजावलं नव्हतं म्हणून लिहितो. पाटे दबतात तेव्हा एकमेकांवर सरकतात, आणि गंजले की ते सरकणं जाम होतं. मग बारीक खड्ड्याला कमान हलतच नाही, दणका सरळ चेसीत आणि तिथून आपल्या कमरेत. दुसरी गोष्ट जाडीची. पाट्याची जाडी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट नाही, आठ पट होतो. माझ्या गाडीत टाकलेले जादा पाटे कंपनीच्या पाट्यांपेक्षा जाड होते, म्हणजे नुसते दोन वाढले असं नव्हतं ते. आणि जादा पाटे टाकून पासिंग काही वाढत नाही बरं का. ओव्हरलोडला दंड 20,000 आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय वजन शेवटी एक्सल, टायर आणि ब्रेकवरच येतं, ते काही पाट्यांबरोबर मोठे होत नाहीत.

तर चारही जादा पाटे काढले. राहिलेले वायर ब्रशने घासून, पडलेले खड्डे ग्राइंडरने साफ करून, ग्रेफाइट ग्रीस लावून, टोकाला नायलॉनच्या पट्ट्या बसवून परत बांधले. एक पाटा कमान सोडून सरळ झालेला, तो नवीन टाकला. शॅकलचे (कमान चेसीला टांगणारी कडी) आणि पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यातले रबरी बुश सगळे नवीन, जुने हातात घेतले तर रबर अर्ध्याच्या वर गायब होतं. मागचे दोन्ही शॉकअप गेलेले. एकावर तेल गळून त्यावर धूळ बसून काळा थर झालेला, आणि काढून हाताने दाबला तर सायकलच्या पंपासारखा सटकन आत गेला, जोरच लागला नाही. शॉकअप वजन उचलत नाही, ते पाट्यांचं काम. शॉकअपचं काम उसळी थांबवायचं, आणि तो मेला की रिकामी गाडी उड्या मारणारच.

खर्च सगळा मिळून 9,600 झाला. एअर बॅगच्या (पाट्यांच्या जोडीला बसवायच्या हवेच्या फुग्यांच्या) किटबद्दल मी विचारलं होतं, व्हिडिओत बघितलेलं. ते म्हणाले पहिलं हे करा, सहा महिने चालवा, मग वाटलं तर बघू. अजून तरी गरज वाटली नाही.

फरक सांगतो. कार झाली का, तर नाही, पिकअप ती पिकअपच, रिकामी असताना थोडी कडक राहणारच. पण आदळणं गेलं. आधी खड्ड्यात धाडकन आवाज यायचा, आता दबून वर येते आणि तिथेच थांबते. माळशेजमध्ये रिकामी परत येताना मागची चाकं सरकत नाहीत. मालात पण फरक आहे, पूर्वी कल्याणला पोचेपर्यंत खालच्या थरातल्या क्रेटमध्ये पिकलेले टोमॅटो फुटून पाणी सुटलेलं असायचं, आता ते बरंच कमी झालंय. आणि मागच्या महिन्यात पुण्याहून येताना चाकण सोडल्यावर बघतो तर अण्णा झोपलेले. हात मांडीवर. मी रेडिओ बंद केला आणि मंचरपर्यंत चाळीसच्या वर गेलो नाही.

हवेचं पण चाचांनीच सांगितलं. मी मागच्या टायरला वर्षभर भरलेल्या गाडीची हवा ठेवून फिरायचो. दाराच्या खांबावर स्टिकर असतो त्यावर रिकामी आणि भरलेली अशी वेगळी हवा दिलेली असते, ती बघा. माझ्या गाडीला रिकामीत बरीच कमी चालते, आणि फुकटात सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. फक्त माल भरायच्या आधी परत पूर्ण भरायची, विसरायचं नाही, कमी हवेत लोड घेतला तर टायर तापून फुटतो.

आता खटकलं ते. एका दिवसात देतो म्हणाले आणि दीड दिवस लागला, नवीन पाटा यायला उशीर झाला म्हणे. बसायला सावली नाही, उन्हाळ्यात टोपी घेऊन जा. बिल मागितल्यावरच मिळतं, ते पण हाताने लिहिलेलं, पण काय काय टाकलं ते सगळं त्यात होतं आणि जुने पार्ट न मागता पोत्यात भरून गाडीत ठेवले होते.

काम झाल्यावर 500 किलोमीटरने यू बोल्ट (कमान एक्सलला आवळून धरणारे) आवळायला परत बोलवतात. ते टाळू नका, नवीन बांधलेली कमान बसते तसे बोल्ट ढिले पडतात, आणि ढिल्या यू बोल्टनेच सेंटर बोल्ट तुटतो. माझे चारही बोल्ट जवळजवळ पाव आटा फिरले. त्याचे पैसे घेतले नाहीत, चहा त्यांनीच पाजला.

शुक्रवारी दुपारी बंद असतं. गाडी रिकामी न्या, आणि किती क्रेट लावता ते खरं सांगा, कारण त्यावरूनच ते ठरवतात किती पाटे ठेवायचे.