लाइव्ह स्ट्रीमरचे कट्टे : कुठे बसावं, कुठून उठावं

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात माइक लावून बसणारा असो, नाहीतर होटगी रोडला रात्री अकरानंतर गेम सुरू करणारा. पाच-सात प्रेक्षकांवर अडकलेल्या सोलापुरी स्ट्रीमरला पहिला सल्ला ठरलेला : ‘कुठलातरी ग्रुप जॉइन कर.’ ग्रुप पैशाला पासरी आहेत. कामाचे मोजकेच.

‘सब दे, सब घे’वाल्या (तू माझं चॅनेल सबस्क्राइब कर, मी तुझं करतो) टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅप ग्रुपांना पाचपैकी शून्य स्टार. यूट्यूब आणि ट्विच (लाइव्ह स्ट्रीमिंगची साइट) दोन्हीकडे ही देवाणघेवाण खोट्या प्रतिसादात मोडते, आकडे कापले जातात, चॅनेलवर कारवाईही होऊ शकते. शिवाय असे सबस्क्रायबर लाइव्हला फिरकत नाहीत. ट्विचला अॅफिलिएट (कमाईतला भागीदार) व्हायचं तर एका वेळी सरासरी 3 प्रेक्षक लागतात, आणि उपकाराखातर फॉलो केलेला माणूस तिथं बसत नाही. नवखी पोरं या फंदात पडतात ती यूट्यूबच्या 50 सबस्क्रायबरच्या अटीमुळे. पण ही अट मोबाइलवरून लाइव्ह जाण्यापुरती आहे. कॉम्प्युटरवरून जायचं तर फोन नंबर व्हेरिफाय करा, लाइव्हची परवानगी मागा आणि 24 तासांपर्यंत थांबा, बस्स. वयाची अट मात्र पाहा : जुलै 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलाला एकट्यानं लाइव्ह जाता येत नाही.

रेडिटवरचं न्यूट्यूबर्स (नव्या यूट्यूबरांचा ग्रुप) बरं आहे, पण कारभार सगळा इंग्रजीत. शिवाय तिथं स्वतःच्या चॅनेलची जाहिरात चालत नाही. थंबनेल, शीर्षक, पहिल्या मिनिटाची मांडणी यावर नेमका प्रश्न विचारला तर उत्तरं चांगली येतात. तीन स्टार.

पाच स्टार द्यायचे ते ओबीएस या स्ट्रीमिंग सॉफ्टवेअरच्या अधिकृत डिस्कॉर्ड सर्व्हरला (डिस्कॉर्ड हे गप्पांचं अॅप, सर्व्हर म्हणजे त्यातला ग्रुप). प्रेक्षक तिथं एकही मिळणार नाही, पण स्ट्रीम का अडकते ते कळतं. ‘नेट बेकार आहे’ एवढंच लिहू नका. ओबीएस बंद करून पुन्हा उघडा, निदान 30 सेकंद स्ट्रीम करा, थांबवा. मग हेल्प मेन्यूत लॉग फाइल्समधून चालू लॉग (सॉफ्टवेअरनं ठेवलेली नोंद) अपलोड करा आणि मिळालेली लिंक सपोर्ट चॅनेलमध्ये टाका. लॉगमध्ये फ्रेम्सचं, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका चित्राचं, तीन प्रकारचं नुकसान वेगवेगळं दिसतं. ड्रॉप्ड फ्रेम्स असतील तर दोष नेटचा. एन्कोडिंग लॅगनं स्किप झालेल्या असतील तर एन्कोडरवर (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागावर) ताण. रेंडरिंग लॅगनं मिस झालेल्या असतील तर ग्राफिक्स कार्ड दमलंय. बरेच जण एन्कोडरच्या दुखण्यासाठी ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवतात, म्हणजे दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. अपलोड 5 एमबीपीएसच्या आसपास असेल तर 720पी, 30 फ्रेम, बिटरेट 3000 केबीपीएस, कीफ्रेमचं अंतर 2 सेकंद ठेवा, आणि वायफायऐवजी केबल लावा.

मागाच्या आवाजाचं उत्तरही अशाच ठिकाणी मिळतं. नुसतं नॉइज गेट लावून भागत नाही : आपण गप्प असताना खडखडाट थांबतो, तोंड उघडलं की गेटही उघडतं आणि माग शब्दांसोबत आत येतो. आधी ओबीएसच्या नॉइज सप्रेशन फिल्टरमध्ये आरएनएननॉइज (RNNoise) निवडा, त्याखाली गेट ठेवा, आणि माइक तोंडापासून चार बोटांवर आणा. मग दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग टाकून दुसऱ्याच्या कानानं तपासून घ्या. स्वतःच्या आवाजाची आपल्याला सवय झालेली असते.

आता प्रेक्षकांचा प्रश्न. त्यासाठी आठ-पंधरा जणांचा छोटा डिस्कॉर्ड सर्व्हर हजारांच्या सर्व्हरपेक्षा बरा. जॉइन होताच प्रमोशनचं चॅनेल वर सरकवत पाहा. लिंकखाली लिंक, उत्तर एकाचंही नाही, तर तिथून उठायचं. जुन्या स्ट्रीमची रेकॉर्डिंग बघून कोणी ‘तिसऱ्या मिनिटाला चॅट वाचायचं राहिलं’ असं सांगत असेल, तर बसायचं. पहिला आठवडा आपली लिंक टाकू नका, दुसऱ्यांच्या चॅटमध्ये बोला. ट्विचवर असाल तर स्ट्रीम संपवताना रेड (raid) कमांडनं आपले चार प्रेक्षक आपल्यापेक्षा छोट्याकडे पाठवा. तोही पाठवू लागतो.

‘फक्त मराठी’ असा नियम असलेला सर्व्हर सोलापुरात चालणं अवघड. इथल्या चॅटमध्ये तेलुगू, कन्नड, दखनी एकाच ओळीत येतं. मॉडरेटरही (चॅट सांभाळणारा) तसाच हवा, कारण शिव्याही त्याच भाषांत येतात. आपोआप चालणाऱ्या फिल्टरला रोमन लिपीतल्या शिव्या नीट कळत नाहीत. ब्लॉक केलेल्या शब्दांच्या यादीत एकेक शिवी तीन-चार स्पेलिंगांनी भरावी लागते. ही यादी ग्रुपनं मिळून केली तर तासाभराचं काम.

फसवणूक सगळीकडे एकाच साच्याची. ‘माझा गेम टेस्ट कर’ म्हणून आलेली फाइल उघडू नका. फुकट नायट्रोचा (डिस्कॉर्डची पैसे भरून मिळणारी सेवा) क्यूआर स्कॅन केलात तर तुमचं लॉगिन समोरच्याच्या हातात गेलं म्हणून समजा. डिस्कॉर्डचा स्ट्रीमर मोड चालू ठेवा, म्हणजे ईमेल आणि इन्व्हाइट लिंक स्क्रीनवर दिसत नाहीत. स्ट्रीम की (तुमच्या चॅनेलवर लाइव्ह जाण्याची गुप्त किल्ली) चुकून दिसलीच तर आधी ती रीसेट करा, माफी नंतर मागा.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतून मोबाइलवर लाइव्ह जाणार असाल तर ग्रुपमधला एक जण घरी बसवा. गर्दीत नेटवर्क तुंबतं आणि आवाज गेलेला आपल्याला कळत नाही. घरच्यानं फोन करायचा. त्या दिवशी मेसेज कोणी बघत नाही.