बारशाची पाटी एक नंबर, "नावाचा अर्थ" वाली फ्रेम मात्र घेऊ नका (ठाणे)

दादाच्या मुलीचं बारसं होतं आणि आत्या मी, म्हणजे नावाचं खातं माझ्याकडेच, म्हणून नौपाड्यातल्या एका दुकानातून कॉम्बो घेतला, पाळण्याची सजावट, नावाची पाटी आणि अर्थाची फ्रेम, सगळं मिळून 1,800. दुकानाचं नाव टाकत नाही कारण ही फ्रेम हल्ली सगळीकडे अशीच विकतात.

पाटी खरंच भारी. एमडीएफ, लेझर कटिंग, "परी"तल्या री ची वेलांटी वळवून तिचाच पंख केलाय आणि कडा घासून साफ, नाहीतर लेझरचा जळका काळा डाग हमखास राहतो. सजावट ठीकठाक, फुलं कापडी आहेत.

आता फ्रेम. सोनेरी अक्षरात काय, तर "परी, मूळ संस्कृत, अर्थ देवदूत, शुभांक 7". अहो संस्कृतात आहे तो ऱ्हस्व "परि", परिक्रमा परिसर वाला उपसर्ग, म्हणजे भोवती, त्याचा पंखवाल्या परीशी काय संबंध? परी आपल्याकडे आली फारसीतून. देवदूताला फारसीत फरिश्ता म्हणतात, तो वेगळा. आणि खरी गंमत पुढेच आहे, पारशी लोकांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात हिची पूर्वज "पैरिका" सापडते आणि ती चक्क दुष्ट, लोकांना भुलवणारी चेटकीण टाइप! मग इराणी काव्यात जाता जाता तिचं रूप असं काही पालटलं की सुंदर बाईला परीची उपमा द्यायला लागले. 1853 च्या आसपास लखनौच्या अमानतने "इंदरसभा" हे नाटक लिहिलं त्यात तर सब्ज परी, लाल परी थेट इंद्राच्या दरबारात, म्हणजे अप्सरांच्या जागेवर पऱ्या येऊन बसल्या. इंग्लिश फेअरी पण हिची कोणी नाही हां, ती लॅटिन "फाटा"वरून, म्हणजे नशीब ठरवणाऱ्या देवींवरून फ्रेंचमार्गे आली.

एवढी मस्त गोष्ट सोडून देवदूत काय छापता? दुकानदाराला सांगितलं तर म्हणे ताई, गुगलवर असंच येतं. वहिनीला चेटकीण प्रकरण जाम आवडलं, आई मात्र म्हणाली घुगऱ्या वाटेपर्यंत तरी गप्प बस. आजोबांचं वेगळंच, त्यांच्यासाठी परी म्हणजे खोपटहून सुटणारी लालपरी, विषय संपला.

शेवटी मजकूर मीच लिहून व्हॉट्सॲपला पाठवला, 150 जास्त घेऊन नवीन प्रिंट दिली, स्पेलिंग दोनदा चेक करा कारण पहिल्या प्रुफात "फारसी"चं "फरशी" झालं होतं. पाटीसाठी पाच स्टार, अर्थासाठी एक. ऑर्डर आठवडाभर आधी द्या आणि शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन जाऊ नका, स्टेशनवरून चालत बरं पडतं.