पोलो जीटी टीएसआय, स्टेज १ : मॅप ठेवला, सायलेन्सर उतरवला

माझ्या फोक्सवॅगन पोलोला स्टेज १ केलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग (मॅप) बदलून ताकद वाढवली; सोबत सायलेन्सर आणि स्प्रिंग्जही बदलले. आधी सायलेन्सर, बाकीचं नंतर. १.२ लिटर इंजिन, १०५ पीएस ताकद, डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते उगाळत बसत नाही.

मॅप करताना ट्यूनरने 'आवाज जरा भरदार होईल' म्हणत फ्री-फ्लो एक्झॉस्ट (धूर कमी अडवणारा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) गळ्यात मारला. स्टार्टला आवाज झकास, नाही म्हणत नाही. पण सातव्या गिअरला ताशी शंभरच्या आसपास इंजिन २,००० आरपीएमला येतं आणि केबिन घुमायला लागतं. चार सिलिंडर, २,००० आरपीएम, म्हणजे सेकंदाला ६७ स्फोट. इतका खालचा सूर कानापेक्षा छातीत जास्त बसतो. त्याच्या खाली नाही, वर नाही, नेमका हायवेला जिथे निवांत चालवायची तिथेच! खंबाटकी घाट उतरल्यापासून साताऱ्यापर्यंत आई कानात कापूस घालून बसली. ट्यूनरला फोन केला, तर म्हणे, "सर, सवय होईल." पैसे मोजून डोकेदुखीची सवय लावून घ्यायची?

मॅपला मात्र नाव ठेवायला जागा नाही. टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन मीटरच्या आतच ठेवा असं आधीच बजावलं होतं, कारण या ड्राय (तेलात न बुडालेल्या) क्लचवाल्या गिअरबॉक्सची झेप तेवढीच. एसटीला ओव्हरटेक करताना आता पाय फार दाबावाच लागत नाही. वाकड-हिंजवडीच्या रांगेत फक्त एक पथ्य पाळतो: इंच-इंच सरकायचं नाही, पुढे दोन गाड्यांची फट पडू द्यायची आणि मगच निघायचं. नाहीतर क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत, क्लचचे पैसे ते देणार नाहीत.

गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग्जना सुरुवातीला मी मित्रांत दहापैकी नऊ देऊन बसलो होतो. आता पाच. एकट्याने चालवताना गाडी वळणावर रस्ता सोडत नाही. चौघं बसले की सोसायटीच्या रॅम्पवर पुढचा बंपर खर्रकन घासतो. तिरकी चढवली तरच वाचतो. वॉचमन त्या आवाजावरून गेट उघडतो.

हे इतकं लिहून ठेवलं होतं, मध्यंतरी माळ्यावरचा कंपनीचा सायलेन्सर काढून परत बसवला. कापाकापी आणि वेल्डिंग धरून बाराशे रुपये. ताकद कमी झाली म्हणतात. मला तरी जाणवली नाही. मॅपला लागणाऱ्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी पंप शोधत फिरणं तेवढं चालू आहे. पण आई पुढच्या शनिवारी औंधला मावशीकडे सोड म्हणाली, आणि रिक्षाचं नाव काढलं नाही. नाकाबंदीलाही फरक पडला. आधी मामा थेट वाकून मागचा पाइपच बघायचे, आता हात दाखवून पुढे जा म्हणतात.

स्प्रिंग्ज चाकांच्या पुढच्या अलाइनमेंटला काढणार, म्हणजे मजुरी एकदाच पडेल. फ्री-फ्लो पाइप विकायचाय. घासाघीस चालेल, पण येऊन न्यावा लागेल, फार जड आहे.