पूलचा फोटो: वाट पाहायची, फ्लॅश मारायचा की शटर उघडं ठेवायचं?

पूल या टेबलावरच्या चेंडूंच्या खेळाच्या पार्लरमध्ये कॅमेरा नेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ब्रेकचाच, म्हणजे चेंडूंचा जथा फोडणाऱ्या पहिल्या फटक्याचाच, फोटो हवा असतो. मलाही हवा होता. पुण्यात कर्वे रस्त्याजवळच्या एका पार्लरमध्ये महिनाभर तेवढंच करत होतो आणि पदरात पडले नुसते पांढरट फराटे. मग म्हटलं, आपली अक्कल पुरे झाली, मोठ्या छायाचित्रकारांचं काही उचलता येतं का बघू. तीन वाटा हाती लागल्या. तुमच्याकडे एक कॅमेरा, एक लेन्स आणि शनिवारची संध्याकाळ असेल, तर त्यातली कुठली धरायची?

ब्रेकच्या नादात डोळे आधी हॅरॉल्ड एजर्टनकडे वळतात. हा एमआयटीतला विद्युत अभियंता. दुधाचा थेंब पडून उठलेला मुकुट (१९५७) त्याचाच. त्याची युक्ती शटरची नव्हे, फ्लॅशची. हिशोब सोपा आहे. जोरदार ब्रेकला पांढरा चेंडू सेकंदाला साधारण दहा मीटर जातो. म्हणजे १/१००० सेकंदाला शटर ठेवलं तरी तो एक सेंटिमीटर सरकतो, आणि चेंडूच जेमतेम पावणेसहा सेंटिमीटरचा, नेमकं सांगायचं तर ५७ मिलिमीटरचा. साधा फ्लॅश सगळ्यात कमी ताकदीवर ठेवला तर त्याची चमक १/२०००० सेकंदाच्या आसपास असते. तेवढ्यात चेंडू अर्धा मिलिमीटर हलतो. कमी ताकद म्हणजे छोटी चमक, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

पण त्यासाठी खोलीत अंधार हवा, आणि पार्लरचा मालक तुमच्यासाठी दिवे घालवणार नाही. मी एकदा दिवे चालू असताना कोपऱ्यातून फ्लॅश मारला. समोरचा खेळाडू आठ नंबरच्या काळ्या चेंडूवर नेम धरून होता, चुकला. त्या तासाचं टेबलाचं भाडं मी भरलं आणि वर सगळ्यांना चहा.

एजर्टनचा दुसरा प्रकार, एकाच चौकटीत अनेक चमका, जास्त भुरळ घालतो. १९३८ मध्ये त्याने गोल्फच्या फटक्याचा अख्खा पंखा असा टिपला होता. टेबलावर मात्र एक गोची होते, ती करून बघेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. गोल्फवाल्याच्या मागे काळं होतं, आपल्या चेंडूखाली निळं कापड आहे. दहा चमका मारल्या की कापड दहाही वेळा उजळतं आणि चेंडू प्रत्येक जागी एकदाच. चेंडू भुतासारखे पारदर्शक येतात, त्यांच्यातून कापड दिसतं. त्यामुळे हे तंत्र चेंडूंसाठी नको. अंधाऱ्या भिंतीपुढचा हात आणि क्यू, म्हणजे खेळायची काठी, टिपायला मात्र झकास. बाणेर-वाकडकडच्या सोसायट्यांच्या क्लबहाउसात पूल टेबल असतं आणि त्यावर बहुधा कुणाच्या तरी वाढदिवसाचं सामान ठेवलेलं असतं. ते हलवा आणि हा प्रयोग तिथे करा.

दुसरी वाट अगदी उलटी. रघु राय यांचा चर्चगेट स्टेशनचा १९९५ चा फोटो आठवा: गर्दी पाण्यासारखी वाहून गेलेली आणि मधे पेपर वाचणारा स्थिर. पूलमध्ये हे आयतं मिळतं, कारण इथे माणूस थांबतो आणि चेंडू पळतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर पाव सेकंद. इथपासून सुरुवात करा. मध्यम फटक्याला सेकंदाला दोन मीटर धरले तर चेंडूची अर्धा मीटरची रेघ उमटते. एक फायदा असा की दिव्यांची लुकलुक त्रास देत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा मिचकावतात. वेगवान शटरला, त्यातून आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर, फोटोवर काळे पट्टे येतात.

अडचण खेळणाऱ्याची. चांगला खेळाडू फटक्यानंतर क्यू तसाच पुढे धरून हनुवटी खाली ठेवतो. नवखा लगेच ताठ होतो आणि त्याचं डोकं फोटोत धुरासारखं विरतं. म्हणून आधी अर्धा तास नुसतं बघा, कोण हलत नाही ते.

तिसरी वाट वाट पाहण्याची, आणि माझं मत सरळ तिच्या बाजूचं आहे. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ लायका हा छोटा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स घेऊन, फ्लॅशशिवाय काम करायचा. त्याच्याकडून घ्यायचा तो संयम. क्यू चेंडूला टेकतो तो क्षण साधारण एक मिलिसेकंदाचा, तो डोळ्याला दिसतच नाही. त्याच्या मागे लागू नका. त्याआधीचे दोन सेकंद, क्यू मागे-पुढे होतोय आणि श्वास थांबलाय, ते बघा. चेंडू पॉकेटच्या, म्हणजे टेबलाच्या भोकाच्या, ओठावर डुगडुगतोय तेव्हाचा चेहरा बघा.

उजेडासाठी मात्र रात्रीचं पॅरिस टिपणारा छायाचित्रकार ब्रासाय. १९३२ साली त्याने पॅरिसमध्ये बिलियर्ड खेळणाऱ्या बाईचा फोटो काढला. प्लेट कॅमेरा घेऊन चोरून काही जमत नाही, समोरच्याला माहीत असावंच लागतं. आपल्या पार्लरमध्येही सगळा उजेड टेबलावर आणि खेळणाऱ्याचा चेहरा दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) अंधारात असतो. मोजमाप चेहऱ्यावर घ्या: एफ/२, आयएसओ ३२००, १/२५० च्या आसपास. पट्टे दिसले तर १/१०० वर या. कापड जास्त उजेडाने थोडं उडालं तरी उडू द्या. कापडाचा निळा हनुवटीवर चढतो, तो मी काढत नाही. कृष्णधवल केलं की प्रश्नच मिटतो, पण ते मला पळवाट वाटते.

फटक्याच्या रेषेत, खेळणाऱ्याच्या नजरेसमोर उभं राहायचं नाही. आणि आधी विचारायचं. मला एकाने ब्रेकच्या आधी थांबवून सांगितलं, "दादा, टाकू नका हं कुठे, घरी अभ्यासिकेत आहे म्हणून सांगितलंय." त्याचा फोटो मी काढला, चेहरा वगळून: कापडावर टेकलेली बोटं, त्यावरून सरकणारा क्यू, आणि अंगठ्याच्या नखात अडकलेला निळा खडू.