सत्तावीस जणांचा गट की सात जणांचा? तालुक्याचा आपत्ती-पुरवठा आराखडा करायला बसताना

मे महिन्यात तहसीलला मान्सूनपूर्व बैठक होते. चहा येऊन गेला की साहेब म्हणतात, "साहित्य-वाहतुकीचा आराखडा यांच्याकडे द्या," आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात. त्या क्षणापासून गटप्रमुख तुम्ही. पुराचा, ताडपत्रीचा, ट्रॅक्टरचा विचार नंतर. आधी ठरवायचं ते गटात कोणाला घ्यायचं.

गोदाकाठच्या एका तालुक्यात मी अशा दोन गटांत काम केलं. पहिल्यात सत्तावीस जण होते, दुसऱ्यात सात. कोणता चांगला, असं कोणी विचारलं की मी उलटा प्रश्न करतो : तुमच्याकडे यायचंय ते पाणी की दुष्काळ?

सत्तावीस जणांच्या गटात सगळी खाती होती. महसूल, पंचायत समिती, आरोग्य, पशुसंवर्धन, महावितरण, बांधकाम, पोलीस, नगरपरिषद. अशा गटाचा मोठा फायदा म्हणजे नंतर कोणी "आम्हाला विचारलंच नव्हतं" म्हणू शकत नाही. सह्या मिळतात, निधीचा कागद पुढे सरकतो. पण पहिल्या बैठकीला अधिकारी, दुसऱ्या बैठकीला त्यांचे प्रतिनिधी, तिसऱ्या बैठकीला "माहिती मेलवर पाठवली आहे" असा निरोप. ती माहिती म्हणजे गेल्या वर्षीचाच तक्ता, वरची तारीख बदललेली. आमच्या यादीत दोन बोटी होत्या. त्यातल्या एकीचं इंजिन दुरुस्तीला गेलेलं होतं, आणि ही गोष्ट ज्याला ठाऊक होती तो शिपाई बैठकीत चहा देत होता.

दुसऱ्या गटात खुर्ची बघून कोणाला घेतलं नाही, ज्याचा हात मालाला लागतो त्याला घेतलं. गोदामपाल, एसटी आगारातले वाहतूक नियंत्रक, महावितरणचा एक जुना लाईनमन, आरोग्य केंद्रात औषधं सांभाळणारे, मोंढ्यातला, म्हणजे धान्य बाजारातला, एक आडत्या, नदीपलीकडच्या गावचा ट्रॅक्टरवाला आणि बचत गटाच्या एक ताई. ताईंना का घेतलं म्हणून काही जण हसले. आपल्याकडे गावोगाव हरिनाम सप्ताह होतो, काल्याच्या दिवशी हजारभर माणूस पंगतीला बसतं. कोणत्या देवळात किती मोठी पातेली आहेत, कोणाची भट्टी गॅसवर चालते, कोण आचारी निरोपावर येतो, हे ताईंनी अर्ध्या तासात सांगितलं. तोवर आमच्या कुठल्याही आराखड्यात 'सामूहिक स्वयंपाक' या ओळीपुढे 'संबंधित ग्रामपंचायत' एवढंच लिहिलेलं असायचं. ट्रॅक्टरवाल्याने तर नकाशावर बोट ठेवून सांगितलं की या फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी आधी जातं, त्या फरशीवरून दोन तासांनी, आणि काळ्या रानातून ट्रक नेऊच नका, एकदा बसला की दिवाळीपर्यंत तिथेच.

छोट्या गटाची दुखणी वेगळी. पहिलं म्हणजे त्याच्या हातात अधिकार नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये निविदेशिवाय तातडीची खरेदी (कलम ५०) आणि वाहनं-साहित्य ताब्यात घेणं (कलम ६५) यांची सोय आहे, पण ते हत्यार जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष आहेत त्या जिल्हा प्राधिकरणाकडे आणि त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे. पंपावर उधारीने डिझेल घ्यायचं तर ते सात जणांच्या वहीवर मिळत नाही. दुसरं दुखणं जरा नाजूक. आडत्याला गोदाम म्हटलं की स्वतःचंच आठवतं, ट्रॅक्टरवाल्याला गाव म्हटलं की स्वतःचंच. प्रमुखाने हे हसतहसत पण तिथल्या तिथे थांबवायचं असतं.

आता आपत्तीकडे येऊ, कारण गटाची निवड तिच्यावरून ठरते. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं असलेली घरं झोपलेल्या माणसांवर बसली. अशा पहाटे बैठक बोलवत नाहीत. पहिले काही तास शेजारच्या गावांचे हात, कुदळी आणि ट्रॅक्टर, एवढंच असतं. आज एनडीआरएफ (केंद्राचं आपत्ती प्रतिसाद दल) आहे, पण तिची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. म्हणजे पहिली रात्र आपली आपणच काढायची. इथे सात जणांचा गट सरस, त्यात मला शंका नाही.

२०१६ च्या लातूरच्या दुष्काळाचं उलटं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. टाक्यांचे डबे आधी राजस्थानात कोट्याला धुऊन घेतलेले. पहिल्या फेरीला दहा डबे, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास डबे, पंचवीस लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास रेल्वेला फार जड नव्हता. काम अडतं ते दोन टोकांना. मिरजेत डबे भरायला जलवाहिनी, लातुरात स्टेशनजवळच्या विहिरीत पाणी उतरवणं, तिथून शुद्धीकरण केंद्र, तिथून टँकर, तिथून वॉर्ड. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, म्हणजे पाणी वाटायच्या आराखड्यात पोलीसही आले. यात एकही दुवा सात जणांच्या वहीत मावणारा नाही. आपल्याकडचा दुष्काळ महिनोन्महिने चालत येतो, बैठकांना वेळ देतो. तिथे सत्तावीस जणांचाच गट हवा.

आणि मराठवाड्यात अचानक येणारं आणि महिनोन्महिने चालणारं, अशी दोन्ही संकटं कधी कधी एकाच वर्षात येतात. म्हणून माझं म्हणणं : आराखडा सात जणांकडून लिहून घ्या, मग सत्तावीस जणांपुढे ठेवून सह्या घ्या. क्रम उलटा केलात तर सह्या आधी होतील आणि लिहायचं राहून जाईल.

दुसरा निर्णय साठ्याचा. माल आधीच भरून ठेवायचा, की व्यापाऱ्यांशी दर ठरवून ठेवायचा आणि वेळ आली की उचलायचा? बैठकीत सगळे धान्याबद्दल बोलतात, म्हणून एकदा हिशेब मांडून बघा. हजार माणसं धरा. माणशी अर्धा किलो धान्य म्हणजे दिवसाला पाच क्विंटल, एक पिकअप पुरते. पाणी माणशी पंधरा लिटर, हा मदतकार्यात जगभर धरला जाणारा किमान आकडा. म्हणजे पंधरा हजार लिटर, पाच हजारांच्या टँकरच्या तीन खेपा, रोज. वजनात पाणी धान्याच्या तीस पट. म्हणून धान्य साठवू नका, ते रेशन दुकानात आणि मोंढ्यात आहेच. शिवाय गोदामातल्या उंदरांना आपत्तीची वाट बघायची गरज नसते. साठवायचं ते ऐनवेळी बाजारातून गायब होणारं : ताडपत्र्या, दोर, बॅटऱ्या, पाणी शुद्ध करायची औषधं, लाईफ जॅकेट. त्यातल्या औषधांची मुदत कोण बघणार, हे माणसाचं नाव घालून लिहा. 'आरोग्य विभाग' असं लिहाल तर कोणीच बघणार नाही.

टँकर, जेसीबी, ट्रॅक्टर, डिझेल यांना करारच बरा. पण दर मेमध्येच ठरवा, पाणी काठाला लागल्यावर भाव कोणीच कमी सांगत नाही. आणि पंपवाल्याला जनरेटर आहे का ते विचारा. वीज गेली की टाकीभर डिझेल जमिनीखालीच राहतं.

करारात महिना बघायचा असतो, हे मी उशिरा शिकलो. बीड आणि आसपासच्या भागात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्या काळात स्वयंसेवकांची यादी अर्धी रिकामी. गावात म्हातारी माणसं आणि लेकरं, म्हणजे ज्यांना बाहेर काढायचं तीच. ट्रॅक्टरही कारखान्याच्या वाहतुकीवर गेलेले असतात. जूनची यादी आणि डिसेंबरची यादी वेगळी करा.

साठा तालुक्याला ठेवायचा की गावात, यावर फार खल करू नका. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरात धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. अशा वेळी तालुक्याचं गोदाम भरलेलं असून काय उपयोग? नदीच्या दोन्ही काठांना थोडा थोडा माल ठेवा, जरी हिशेबाची वही दोन ठिकाणी ठेवावी लागली तरी.

शेवटचं, तालमीबद्दल. सभागृहात फळ्यावर केलेली तालीम सोपी, बिनखर्ची आणि फोटोला चांगली. आम्ही एकदा खरी केली : पन्नास ताडपत्र्या नदीपलीकडच्या गावात पोहोचवायच्या. कागदावर पस्तीस मिनिटं होती, लागली दोन तास. ट्रॅक्टर वेळेवर आला, रस्ताही चालू होता. गोदामाची किल्ली मात्र ज्यांच्याकडे होती ते भाच्याच्या लग्नाला जिंतूरला गेले होते. आता किल्ल्या तीन आहेत. एक गोदामपालांकडे, एक पोलीस ठाण्यात, एक ताईंच्या घरी देव्हाऱ्याजवळ.