कार्ड उत्तम, पण सोबतचे ॲप तापदायक: एका लग्नसराईनंतरचा अनुभव

मधल्या किमतीचे, ८ जीबी मेमरीचे हे ग्राफिक्स कार्ड मी गेमसाठी घेतले नव्हते. लग्नाचे फोटो डार्कटेबल या मोफत फोटो-संपादन सॉफ्टवेअरमध्ये लवकर हातावेगळे व्हावेत, एवढाच हेतू होता. दरमहा भाडे भरावे लागणारे सॉफ्टवेअर मी केव्हाच सोडले आहे. तेथे वाचलेले पैसे कार्डात घातले, असा माझा हिशेब होता. कार्डाची वैशिष्ट्ये सगळीकडे वाचायला मिळतात, म्हणून ती येथे देत नाही. कंपनीचे नावही देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या दुखण्यावरचे उपाय कोणत्याही कंपनीच्या कार्डासाठी थोड्याफार फरकाने सारखेच असतात.

सुरुवातीचे काही महिने पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. रात्रीच्या वरातीचे आणि मांडवातल्या अपुऱ्या उजेडातले फोटो वाढीव आयएसओवर (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता वाढवून) काढावे लागतात, आणि त्यांतला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, काढण्याचे काम नुसत्या प्रोसेसरवर टाकले की संपूर्ण संध्याकाळ त्यातच जाते. डार्कटेबल हे काम ओपनसीएलच्या (कार्डाकडून गणिते करून घेणाऱ्या प्रणालीच्या) मार्गाने कार्डाकडे सोपवते. ‘डिफ्यूज ऑर शार्पन’सारखे जड मॉड्यूल लावूनसुद्धा एक्सपोर्ट झरझर होत असे.

मग ऐन सराईत पडदा क्षणभर काळा होऊन परत येऊ लागला. त्यामागोमाग खाली सूचना दिसे, की ओपनसीएलमध्ये चुका आढळल्यामुळे या सत्रापुरते ते बंद केले आहे. डार्कटेबलचा हा स्वभाव चांगलाही आहे आणि घातकही: ते काम थांबवत नाही, निमूटपणे प्रोसेसरवर चालू ठेवते, त्यामुळे सूचना नजरेतून निसटली तर वेग का मंदावला हे कळत नाही. तेही एक वेळ चालले असते. परंतु अल्बम छपाईला देण्यापूर्वी फोटो मोठे करून पाहताना नवरीच्या शालूच्या पदरावर, अगदी जरीच्या काठाला चिकटून, काळे चौकोन दिसले. छोट्या आकारात ते सावलीसारखे भासत होते. तोच फोटो ओपनसीएल बंद करून एक्सपोर्ट केला, तेव्हा पदर स्वच्छ आला. म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल ठीक होती, सॉफ्टवेअरमधील संस्कारही ठीक होते, आणि घोळ कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, होता.

कार्ड वॉरंटीत असल्यामुळे सेवा केंद्रात नेले. तेथे त्यांनी एक गेम लावून दाखवला, तो व्यवस्थित चालला, आणि ‘गेम चालतोय ना साहेब, मग कार्ड ओके आहे’ असे सांगून ‘दोष आढळला नाही’ असा कागद हाती दिला. वर पॉवर सप्लाय बदलून पाहण्याचा सल्ला दिला, अर्थात माझ्या खर्चाने. गेम चालणे हा या तक्रारीवरचा पुरावाच नव्हे, हे त्यांना पटवता पटवता माझा घसा सुकला. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये कार्डाला एकेका चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंदांचे काम मिळते. फोटोच्या बाबतीत २४ मेगापिक्सेलच्या अख्ख्या प्रतिमेवरचे काम एकेका मोठ्या घासाने कार्डाच्या गळी उतरते. कार्ड दिलेल्या कामातून २ सेकंदांत बाहेर आले नाही, तर विंडोज ते अडकले असे समजून ड्रायव्हर नव्याने सुरू करते. ही टीडीआर नावाची व्यवस्था व्हिस्टापासून आहे. पडदा काळा होतो तो त्याच वेळी, आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. माझ्याकडे त्या नोंदींची रांगच लागली होती.

विंडोजच्या रजिस्ट्रीतील (अंतर्गत सेटिंग्जमधील) टीडीआर-डिले, म्हणजे ही २ सेकंदांची मुदत, वाढवून पाहावे, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. ही किल्ली मुळात ड्रायव्हर तपासणाऱ्यांसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नव्हे, असे मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांतच म्हटले आहे. तरीही निदानापुरती मी ती मुदत ८ सेकंद केली. पडदा आता ८ सेकंद गोठून मग काळा होऊ लागला! काम नुसते जड असते तर वाढीव वेळेत संपले असते. येथे ड्रायव्हरच अडकत होता. मुदत मी पूर्ववत केली.

खरा उलगडा डार्कटेबलच्या लॉग फाइलने केला. ‘-d opencl’ हा पर्याय देऊन डार्कटेबल सुरू केले, की कार्डाचे नाव, मेमरी आणि ड्रायव्हरची आवृत्ती सुरुवातीलाच नोंदली जाते. तेथे दिसणारी आवृत्ती मी बसवलेली नव्हती. ड्रायव्हरसोबत आपोआप येणाऱ्या कंपनीच्या ॲपने नवी आवृत्ती परस्पर चढवली होती.

या ॲपविषयी लिहावे तेवढे थोडेच आहे. ते लॉगिन मागते, संगणक सुरू होताच स्वतःही सुरू होते, मी कधीही न खेळणाऱ्या गेमच्या जाहिराती कोपऱ्यात दाखवते, आणि ऐन कामाच्या दिवसांत कोणालाही न विचारता ड्रायव्हर बदलते. नाकापेक्षा मोती जड, दुसरे काय म्हणावे? पंखा कसा चालतो, वीज किती लागते, खोक्यात केबल कोणती मिळते, या सगळ्यांवर लोक रकानेच्या रकाने लिहितात. या ॲपबद्दल मात्र खरेदीपूर्वी वाचलेल्या एकाही परीक्षणात ओळ नव्हती. माझ्या लेखी कार्डाचा निम्मा गुण याच ॲपपायी कापला गेला.

उपाय फुकटचा निघाला. कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीची आवृत्ती उतरवून घेतली, विंडोजने मध्येच दुसरा ड्रायव्हर बसवू नये म्हणून इंटरनेटची (लॅनची) वायर काढली, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या मोफत साधनाने जुने अवशेष पुसले, आणि कस्टम पद्धतीने फक्त ड्रायव्हर बसवला. बसवताना यादीतील ॲपसमोरची खूण काढायला विसरू नये. त्यानंतर डार्कटेबल पहिल्यांदा उघडायला बराच वेळ लागतो, कारण ते ओपनसीएलचे कर्नल (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) नव्याने कंपाइल करते. त्या वेळी घाईने बंद करू नये. काळे चौकोन गेले, ४१०१ थांबले, वेग परत आला.

येथवरचा मजकूर लग्नसराई चालू असताना लिहिला होता, आणि त्याच्या शेवटी ‘ड्रायव्हर पुन्हा कधीही बदलू नका’ असे ठणकावून म्हटले होते. ते वाक्य आता काढले आहे. ड्रायव्हरच्या सुधारणांमध्ये सुरक्षेच्या त्रुटीही बुजवलेल्या असतात, त्यामुळे जुन्यालाच कायम धरून बसणे शहाणपणाचे नाही. सराई संपल्यावर नवी आवृत्ती बसवली आणि पदराचा तोच फोटो ओपनसीएल चालू ठेवून एकदा व बंद ठेवून एकदा एक्सपोर्ट केला. दोन्ही प्रती एकमेकींवर ठेवून शंभर टक्के आकारात तपासल्या. फरक दिसला नाही. म्हणजे मधली एक आवृत्तीच खराब होती. कार्डाबद्दल आता माझी तक्रार नाही, आणि ते विकण्याचा विचारही सोडला आहे.

फोटोंच्या कामासाठी कार्ड घेणाऱ्यांनी असे कार्ड जरूर घ्यावे, मात्र चालणाऱ्या ड्रायव्हरची सेटअप फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवावी आणि बदल हातचे काम संपल्यावरच करावा. वाढीव वॉरंटीसाठी जास्तीचे पैसे मी भरणार नाही. ती वॉरंटी चालवणारे सेवा केंद्र तेच आहे.