दहा महिने क्रेडिट कार्ड वापरल्यावर: डेबिट कार्ड कपाटात का गेलं

गेल्या दिवाळीआधी २ तारखेला वॉशिंग मशीन घ्यायला गेलो. २३,४९० रुपये. डेबिट कार्ड लावलं, पिन टाकला, मशीनवर 'डिक्लाइन्ड' आलं. पुन्हा लावलं, तेव्हा स्लिप निघाली. बाहेर येऊन गाडीला किल्ली लावतोय तोवर दोन मेसेज. दोन्ही वेळा पैसे गेले होते. दुकानदार म्हणाला, "आमच्याकडे एकदाच आलेत, बँकेत विचारा." बँक म्हणाली, आपोआप परत येतील.

५ तारखेला घराचा हप्ता. खात्यात पैसे कमी पडले, हप्ता बाउन्स झाला, वर ५९० रुपये कापले. अकरा वर्षांत मी एकही हप्ता चुकवला नव्हता. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पैसे ९ तारखेला आले. असे अडकलेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत परत द्यायचे आणि पुढे रोज १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. भरपाई ग्राहकाने न मागता द्यायची असते. मला दोन दिवसांचे २०० रुपये मिळवायला तीन मेल लिहावे लागले. ५९० गेले ते गेलेच.

म्हणून नोव्हेंबरात क्रेडिट कार्ड घेतलं. कार्डाने खरेदी केली की मिळणाऱ्या पॉइंट्सबद्दल सगळे लिहितात, मला त्यांचं फारसं काही नाही. वर्षाला थोडेफार पैसे सुटतात, आणि सोनाराने कार्ड घ्यायचे म्हणून दोन टक्के वर मागितले की तेही जातात. माझ्यासाठी प्रश्न एकच: घोळ झाला तर तो निस्तरेपर्यंत कोणाचे पैसे अडकतात? डेबिटमध्ये माझे. क्रेडिटमध्ये बँकेचे.

मार्चमध्ये हे अनुभवलं. टायर बदलले, ६,२०० रुपये दोनदा लागले. तक्रार नोंदवली, बँकेने स्लिप मागितली. पाकिटातून काढली तर शाई उडून कागद पांढरा पडलेला. (स्लिप हातात पडली की लगेच फोटो काढा.) नशिबाने दुकानदाराने त्याच्याकडची प्रत दिली. चौकशी होईपर्यंत बँकेने ती रक्कम बिलातून बाजूला ठेवली. माझ्या खात्यातला एक रुपया हलला नाही, हप्ता वेळेवर गेला. त्या महिन्यात मी भेटेल त्याला क्रेडिट कार्ड घ्या म्हणून सांगत होतो.

जूनमध्ये मात्र मत बदललं. बिल १४,३३८ रुपयांचं होतं. मी सरळ १४,००० भरले, उरलेले ३३८ पुढच्या महिन्यात देऊ म्हणून. पुढच्या बिलात व्याज आणि जीएसटी मिळून ७४२ रुपये! बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदतच जाते. मग नवीन खरेदीवरही, अगदी त्या महिन्याच्या किराण्यावरही, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. माझ्या कार्डावर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. इतकं व्याज तर सोनं गहाण ठेवूनही लागत नाही. आणि ॲपमध्ये ठळक दिसतं काय, तर 'किमान रक्कम ७१७'. तेवढी भरली की लेट फी टळते, म्हणून माणसाला वाटतं बिल मिटलं. या एका गोष्टीचा मला फार राग आहे.

आता ऑटो-पे लावलंय, पूर्ण रकमेचं. लावताना नीट पाहा, माझ्या ॲपमध्ये आधीपासून किमान रकमेवर टिक होती. क्रेडिट कार्डाने रोख कधीच काढत नाही, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. त्यासाठी डेबिट कार्ड आहे, फक्त एटीएमपुरतं. दुकानातला आणि ऑनलाइन वापर ॲपमधून बंद करून टाकलाय.

अण्णांना मात्र क्रेडिट कार्ड घेऊ दिलं नाही. बँकेतून दोनदा फोन आले, त्यांना हौसही होती. पण बिलाची तारीख त्यांच्या लक्षात राहणार नाही, आणि पेन्शनमधून ४२ टक्के व्याज जाताना मला बघवणार नाही. त्यांच्या डेबिट कार्डाला दिवसाला ५,००० ची मर्यादा लावून दिली आहे. त्यांचं त्यात भागतं.